विट्याचा खुंटा

सात वर्षं मी मंदाक्का निकमला दर महिन्याला एकच प्रश्न विचारला. पुढच्या वर्षभरात वस्तूंचे भाव किती वाढतील असं तुम्हाला वाटतं? ती कधी पाच टक्के म्हणायची, कधी सात. एकदा कांदा भडकला होता तेव्हा रागानं पन्नास म्हणाली, मग स्वतःच हसून "लिही आठ" म्हणाली. मी आठ लिहिले. मध्यवर्ती बँकेच्या अपेक्षा विभागात मी सर्वेक्षक होते. पगार बेताचा, फिरणं भरपूर. माझ्या टॅबमध्ये सांगली जिल्ह्यातली चौदा घरं होती. त्यातली तेरा नुसती सोबतीला होती आणि कामाचं घर एकच, हे मला पहिली तीन वर्षं कोणी सांगितलं नव्हतं.

ते घर विट्यात, जुन्या मंडईच्या मागे. पुढच्या खोलीत मंदाक्काचं मिरची कांडपाचं यंत्र होतं. लोखंडी मुसळं एकामागून एक उखळात पडायची, आणि दारातून आत पाऊल टाकलं की शिंक ठरलेली. उन्हाळ्याच्या तोंडावर आमच्या भागातल्या बायका वर्षाची चटणी करून ठेवतात. वाळलेली मिरची, खोबरं, धणे, मसाला घेऊन कांडपाला यायचं, नंबर लावायचा, डबे भरून न्यायचे. पाकिटं आली की हे सगळं बंद पडेल असं माझ्या आजीच्या वेळेपासून लोक म्हणत होते. २०४१ साल उजाडलं तरी पडलं नव्हतं.

नंबर लावून बसलेली प्रत्येक बाई अक्काला विचारायची, यंदा किती करू? अक्का एक मिरची मोडून बघायची, देठ टाकून द्यायची आणि सांगायची, "पाच किलो कर, पुढं परवडायची न्हाई." नाहीतर, "तीन बास झाली." तिचा अंदाज सहसा चुकायचा नाही. कुठून यायचा कोणास ठाऊक. तिला विचारलं तर म्हणायची, "बायकांच्या पिशव्या बघते की गं."

आता थोडं शास्त्र सांगायला हवं. महागाई आधी लोकांच्या डोक्यात होते आणि मग बाजारात. उद्या भाव वाढणार असं सगळ्यांना वाटलं की सगळे आजच खरेदीला धावतात, सगळे धावले म्हणून भाव वाढतात, आणि मग सगळे म्हणतात, बघा, आम्ही सांगत नव्हतो? म्हणून मध्यवर्ती बँका लोकांना काय वाटतं ते विचारत आल्या. पण विचारून त्या सरासरी काढायच्या. कोणाला वाटलं म्हणून कोणाला वाटायला लागतं, हे सरासरीत दिसत नाही.

ते दाखवणारी प्रणाली २०३७ मध्ये आली. विभागात तिला 'लहर' म्हणायचे. लहर कोणाचं बोलणं ऐकत नसे, तशी गरजच नव्हती. कोट्यवधी किरकोळ खरेद्यांच्या नुसत्या वेळा ती बघायची. नावं काढून टाकलेली असतात, असं आम्हाला सांगायचे आणि आम्ही मान हलवायचो. एका घरानं नेहमीपेक्षा जास्त साखर भरली, तर त्यानंतर किती तासांनी कुठल्या घरांनी भरली, मग त्यांच्यानंतर कुठल्या. साथ पसरली की पहिला रुग्ण शोधतात, तसंच हे. उत्तर आलं तेव्हा मुंबईच्या कार्यालयात दोन दिवस कोणाचा विश्वास बसेना. अख्ख्या देशात भावांची धास्ती जिथून सुरू होते अशी फक्त तीनशे सतरा घरं होती. उद्योगपती नव्हेत, वाहिन्यांवरचे तज्ज्ञ तर नव्हेतच. भिलाईचा एक न्हावी. नागरकोविलचे एक निवृत्त पोस्टमास्तर. शिलाँगची एक नर्स. आणि विट्याची मंदाक्का. कागदोपत्री त्यांना लांबलचक नाव होतं, पण बोलताना सगळे खुंटे म्हणायचे. खुंटा पक्का असला की दावं कितीही ताणलं तरी जनावर जागेवर राहतं, एवढाच त्यातला अर्थ.

विट्याचा खुंटा देशाला कसा पुरतो, हे मुंबईकरांना कळेना. मला विचारलं असतं तर चहा होईपर्यंत सांगितलं असतं. विटा, खानापूर, आटपाडी हा गलाईवाल्यांचा मुलूख. सोनं-चांदी गाळून शुद्ध करण्याच्या धंद्यात इथली माणसं पिढ्यानपिढ्या देशभर पांगली आहेत. कोइमतूर म्हणा, अमृतसर म्हणा, गुवाहाटी म्हणा, सराफ बाजारात एखादा विटेकर असतोच. माणसं तिकडे, पण चटणी विट्याची. फेब्रुवारी-मार्चमध्ये त्यांच्या बायका गावाकडे फोन करतात, यंदा आमची किती करायची? अक्का काय म्हणते ते त्या फोनवर कळतं, तिथून ते नवऱ्याला, नवऱ्याकडून सराफाला, सराफाकडून गिऱ्हाइकाला. अकरा दिवसांत अक्काचा अंदाज देशभर पोचायचा, आणि तो अक्काचा आहे हे कोणाच्या गावीही नसायचं. अक्काच्या तर नाहीच.

तिला कळू द्यायचं नाही, असा नियम होता. सुरुवातीला तीन खुंट्यांना सांगून बघितलं होतं. तिघंही तोलूनमापून बोलायला लागले आणि महिनाभरात त्यांचं कोणी ऐकेना. दुसरा नियम त्याहून जुना, प्रशिक्षणाच्या पहिल्या तासाला शिकवलेला: विचारायचं, सुचवायचं नाही. उत्तर ऐकताना भुवईसुद्धा वर करायची नाही. अक्का माझ्या टॅबकडे बोट दाखवून मला मुद्दाम छळायची. "तुझ्या त्या पाटीला काय वाटतं गं, प्रणिता? भरावं का थांबावं?" मी म्हणायचे, "अक्का, मी विचारायला येते. सांगायला नाही." ती म्हणायची, "सरकारी पगार असाच मिळत न्हाई," आणि शेंगदाण्याचा लाडू पुढे करायची.

त्या वर्षी जानेवारीत आखातातली जहाजवाहतूक बंद पडली. तेल चढलं, रुपया डळमळला. फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात विभागाच्या प्रमुख डॉ. गार्गी कारखानीस स्वतः सांगलीला आल्या. एवढी मोठी बाई मला भेटायला विश्रामगृहावर येते म्हटल्यावर मी इस्त्रीची साडी नेसून गेले. त्यांच्या कुर्त्यावर प्रवासातल्या चहाचा डाग होता.

"लहरीच्या हिशेबानं तुझ्या बाईंचा आकडा आठवड्यात सहावरून अकरावर गेलाय," त्या म्हणाल्या. "देशभरात एक्केचाळीस खुंटे हललेत. हिचा सगळ्यांत वाईट, कारण हिची वाट थेट सोन्याकडे जाते."

त्यांनी मला सगळं समजावलं, आणि चांगलं समजावलं. बँक रोज गंगाजळीतले डॉलर विकून रुपया धरून ठेवत होती. परदेशी मदतीची बोलणी चालू होती, ती पुरी व्हायला अठरा दिवस लागणार होते. मग बँक स्वतःच रुपया खाली सोडणार होती, सावकाश, जाहीर करून. त्याआधी लोक सोन्याकडे धावले तर डॉलर चार दिवसांत संपले असते.

"व्याजदर वाढवा ना," मी म्हटलं. मला तेवढंच येत होतं.

"वाढवलेत. त्याचा परिणाम दिसायला वर्ष-दीड वर्ष लागतं. माझ्याकडे अठरा दिवस आहेत." त्यांनी डोळे चोळले. "तिला सांग, थांबा. एवढंच."

"मॅडम, आपण सुचवत नाही."

"आतापर्यंत नव्हतो सुचवत." मग जरा वेळानं त्या म्हणाल्या, "माझे वडील एका बँकेपुढच्या रांगेत गेले. नऊ दिवस जात होते रोज, डबा घेऊन. दहाव्या दिवशी तिथेच बसले ते उठले नाहीत. महागाईनं माणसं हळूहळू मरतात, प्रणिता. रांगेत पटकन मरतात."

"आणि अठरा दिवसांनी? थांबलेल्यांचं काय?"

"त्यांचं नुकसान होईल," मॅडम म्हणाल्या. त्यांनी ते लपवलं नाही, हे मी त्यांच्या बाजूनं नोंदवून ठेवते.

दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला मी विट्यात होते. अक्काकडे पाच-सहा बायका पिशव्या घेऊन बसल्या होत्या. हंगाम अजून सुरू व्हायचा होता, पण बातम्या ऐकून लवकर आल्या होत्या. मी नेहमीचा प्रश्न विचारला. अक्का म्हणाली, "बारा लिही. पंधरा बी लिहिलंस तरी चालंल." मग तिनं यंत्र बंद केलं. खोली एकदम शांत झाली, आणि तिनं मला विचारलं. या वेळी छळायला नाही.

"खरं सांग पोरी. तू हाफिसातली हाईस. ब्याडगीच्या दलालाचा फोन आलाय, आजच्या भावात वर्षाचा माल दे म्हनलं तर देतोय. माझा अजित कोइमतूरहून सारखा इचारतोय, सोनं आत्ताच घेऊन ठेवू का, लोकांच्या आगाऊ ऑर्डरी घेतल्यात त्यानं. भरू का थांबू?"

"थांबा," मी म्हटलं.

"नक्की?"

"नक्की, अक्का. उतरेल सगळं. पाडव्यानंतर बघा."

तिनं माझ्याकडे बघितलं. सहा वर्षांत मी तिला पहिल्यांदाच काही सांगितलं होतं, त्यामुळे ते तिला फार मोलाचं वाटलं असणार. तिनं मान डोलावली. बायकांकडे वळून म्हणाली, "थांबा गं. पाडव्यानंतर बघू. घाई करू नका." पिशव्या उचलल्या गेल्या. मग तिनं माझ्यादेखत मुलाला फोन लावला. "अजित, थांब बाळा. घाई नको. पक्की खबर हाय."

मला काही वाटलं नाही. वाटायला हवं होतं हे कळत होतं, म्हणून मी वाट बघितली. एसटीत बसल्यावर वाटेल, असं वाटलं. तासगाव गेलं, सांगली आली. काही नाही.

पुढचे अकरा दिवस मी घरी बसून पडद्यावर लहर बघत होते. देशाच्या नकाशावर धास्तीची ठिकाणं तांबडी दिसायची. विट्याचा ठिपका पहिल्याच दुपारी फिका पडला. तिसऱ्या दिवशी कोइमतूर, पाचव्या दिवशी इंदूर आणि अमृतसर. बाकीच्या चाळीस खुंट्यांकडेही माझ्यासारखंच कोणीतरी गेलं होतं. अकराव्या दिवशी नकाशा जवळजवळ पांढरा झाला. सराफ बाजारांत गर्दी नव्हती, पेट्रोलपंपांवर नव्हती, बँकांपुढे नव्हती. एकोणिसाव्या दिवशी बँकेनं रुपया खाली सोडला, एका पत्रकार परिषदेत, दुपारी तीन वाजता. रुपया पाचवा हिस्सा उतरला. रांग मात्र कुठेही लागली नाही. जगातल्या सगळ्या वर्तमानपत्रांनी कौतुक केलं. विभागात पेढे वाटले आणि मी दोन खाल्ले.

ब्याडगीच्या बाजारात मिरची आठवड्यात दीडपट झाली, कारण निर्यातदारांनी उचलली. सोनं तर विचारूच नका.

विट्यात भांडण झालं नाही. मला भांडणाची भीती होती, पण तसं काही झालं नाही. बायका आल्या, दीड-दोन किलोच्या पिशव्या घेऊन, आणि यंदा किती करू असं कोणी विचारलं नाही. वीस वर्षांची एक जुनी गिऱ्हाईक, पाटलाची मावशी, डबा बांधताना म्हणाली, "अक्का, तुमचं ऐकलं आम्ही." एवढंच म्हणाली, आवाजसुद्धा चढवला नाही. पुढच्या महिन्यात ती मंडईपलीकडच्या कांडपावर जायला लागली आणि हळूहळू बाकीच्या गेल्या. अजितला जुन्या भावात कबूल केलेलं सोनं नव्या भावात घेऊन द्यावं लागलं. दिवाळीच्या आत कोइमतूरचं दुकान मोडून तो बायकोसकट विट्याला आला. मागच्या खोलीत राहायचा, आईशी कामापुरतं बोलायचा. तेही बायकोमार्फत.

मी दर महिन्याला जातच होते. प्रश्न विचारायचे, अक्का उत्तर द्यायची, मी लिहायचे. लाडू मिळायचा. तिनं मला एकदाही दोष दिला नाही. "तुला तरी काय म्हाईत असनार," असं एकदा म्हणाली, आणि मी तो घास गिळला. लहरीच्या पडद्यावर तिच्या प्रभावाचा आकडा उतरत गेला. ऑगस्टमध्ये निम्मा, डिसेंबरमध्ये शून्य. आता मंदाक्काला भावांबद्दल काय वाटतं, यानं देशात कोणालाच फरक पडत नव्हता.

डिसेंबरात पुण्याला आमची वार्षिक बैठक झाली. आम्ही एक्केचाळीस जण जेवायला एकाच बाजूला बसलो, कोणी तसं ठरवलं नव्हतं. भिलाईहून आलेला सर्वेक्षक माझ्या शेजारी होता. "माझा न्हावी आता दुकानात मोठ्यानं गाणी लावतो," तो म्हणाला. "बोलत नाही गिऱ्हाइकांशी." मग त्यानं विचारलं, "तुमची?" मी म्हटलं, "ठीक आहे." त्यानं मला वरण वाढलं. मला बढतीचं पत्र त्याच दिवशी मिळालं, मुंबई, दुप्पट पगार. नवऱ्याला फोन केला तर तो आनंदानं ओरडला आणि मग म्हणाला, "अगं, तुला आनंद नाही झाला?" मी म्हटलं, झालाय. खरं तर गेले दहा महिने मला कशाचंच काही होत नव्हतं. तोंडातली भूल न उतरलेला माणूस जसा गालावर चापट मारून बघतो, तसं मी अधूनमधून अक्काचा तो फोन आठवून बघत असे.

जानेवारीत तिचं घर यादीतून काढायचा आदेश आला. टॅबवर करता आलं असतं. मी गेले. अक्का एकटीच बसली होती, यंत्रावर पोतं टाकलेलं. अजित बायकोला घेऊन सासुरवाडीला गेला होता.

"अक्का, तुमचं घर आता यादीतून निघतंय," मी म्हटलं. आणि मग सगळं सांगून टाकलं. लहर, तीनशे सतरा खुंटे, गलाईवाले, अकरा दिवस, अठरा दिवस, विश्रामगृह. आता ती खुंटा राहिली नव्हती, त्यामुळे कुठला नियमही मोडत नव्हता. तिनं मध्ये एकदाही अडवलं नाही. सगळं संपल्यावर म्हणाली, "म्हंजी मी भरा म्हनलं असतं, तर काय झालं असतं?"

"रांगा लागल्या असत्या. कारखाने बंद पडले असते. औषधं आली नसती बाहेरून."

"मानसं गेली असती?"

"हिशेब होता तसा. चाळीस हजार, आठ महिन्यांत."

ती यंत्रावरच्या पोत्याकडे बघत होती. चाळीस हजार माणसं म्हणजे किती, याचा विचार करत असावी. विट्याची वस्ती साधारण तेवढीच, जरा जास्त.

"मग मला इचारायचं हुतंस," ती म्हणाली.

"तुम्हाला कळलं असतं तर—"

"थांबा म्हनलं असतं. अजितला बी म्हनलं असतं, नुकसान हुईल बाळा, पन थांब, असं असं हाय. त्यो थांबला असता. माझा पोरगा हाय त्यो. बायकास्नी सांगितलं असतं, ह्या साली दीड किलोवर भागवा. भागवलं असतं त्यांनी, न भागवायला काय झालं." तिचा आवाज अजूनही चढला नव्हता. "आता माझ्या पोराला वाटतंय, आईला काय कळत न्हाई. सात वर्सं इचारायला येत हुतीस की गं तू. तेवढं मातुर इचारलं न्हाईस."

कळलेला खुंटा ढिला पडतो, हे मी तिला सांगू शकले असते. तीन जणांवर बघितलं होतं. तीनच जणांवर.

"बरं, झालं ते झालं," अक्का म्हणाली. "देशासाठी म्हनतीस, तर असंल. तू बी थांबलीसच असशील."

एक गोष्ट मी इथपर्यंत लिहिली नाही. त्या दिवशी, म्हणजे "थांबा" म्हणाले त्याच दिवशी, सांगलीच्या स्टँडवर उतरून मी घरी गेले नव्हते. आधी गणपती पेठेत गेले. जुन्या भावात पाच किलो ब्याडगी घेतली, दोन किलो संकेश्वरी, शिवाय गोडं तेल. आईला फोन करून सांगितलं, पाटल्या करायच्यात ना तुला, आजच कर. मला नीट आठवतं, मी घासाघीससुद्धा केली होती.

"नाही अक्का," मी म्हटलं. "मी भरून ठेवलं. त्याच दिवशी. आईलाही सांगितलं."

तिनं मान हलवली. ती रागावली असती तर मला काहीतरी वाटलं असतं, निदान भीती तरी. ती फक्त माझ्याकडे बघत राहिली, नवीन गिऱ्हाइकाकडे बघावं तसं, आणि मग गुडघ्यावर हात टेकून उठली.

"ऊठ आता," ती म्हणाली. "बायका यायची वेळ झाली."

जानेवारीची सकाळ होती. हंगामाला दीड महिना होता, आणि हंगाम असता तरी त्या दारात कोणी आलं नसतं. ते तिलाही माहीत होतं आणि मलाही. सात वर्षांत मंदाक्कानं तिला जे वाटलं तेच मला सांगितलं होतं. तिनं मला सांगितलेलं हे पहिलं खोटं. मी टॅब पिशवीत टाकला, चपला घातल्या आणि म्हटलं, "हो, निघते मी."